मुद्रितशोषण

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जे रडगाणं येणार आहे ते ऐकताना तुमची सहानुभूती उगाच खर्ची पडायला नको.

मी मराठीचा प्राध्यापक. नगर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. आमच्या कॉलेजच्या फाटकासमोरून गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात, त्यामुळे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत उशिरा येणाऱ्या पोराला कारण शोधावं लागत नाही. "ट्रॉली आडवी होती सर," म्हणतो आणि बसतो. मीही फार चौकशी करत नाही, कारण निम्म्या वेळा मीच त्या ट्रॉलीच्या मागे अडकलेला असतो. अशा या कॉलेजात एका सकाळी फर्मान निघालं, की प्रत्येक विभागानं एकेक मूल्यवर्धित कोर्स काढायचा. नॅकच्या समितीला असले कोर्स दाखवावे लागतात आणि ते निदान तीस तासांचे असावे लागतात. 'मूल्यवर्धित' हा शब्द मी तोवर फक्त कराच्या मागेपुढे ऐकला होता आणि तो कर भरून माझं मूल्य वाढल्याचं मला आठवत नव्हतं. तरी मी हौसेनं कोर्स आखला. 'मराठी शुद्धलेखन आणि मुद्रितशोधन.' तीस तास, दोन क्रेडिट, फी नाही.

विषय माझ्या जिव्हाळ्याचा. आमची पोरं 'शुध्द' लिहितात, म्हणजे 'द'ला 'ध' जोडायचा सोडून 'ध'ला 'द' जोडतात. अशुद्ध शब्दांची यादी करायला बसलं की पहिला मान 'शुद्ध' याच शब्दाला मिळतो. गावात एका दुकानावर 'शुध्द तूप मिळेल' अशी पाटी आहे. मी तिथून तूप घेत नाही. बायको म्हणते तूप चांगलं असतं. असेलही.

कोर्स सॉफ्टवेअरमध्ये भरायचा होता. आमच्याकडे आता सगळंच सॉफ्टवेअरमध्ये भरतात. हजेरी, टाचण, रजा, निकाल, कोर्सची उद्दिष्टं, त्या उद्दिष्टांची निष्पत्ती, आणि ती निष्पत्ती निघाली की नाही त्याची टक्केवारी. शेवटची मुदत रात्री बाराची, आणि मी संध्याकाळी कोपरगावच्या एसटीत. नगर-मनमाड रस्ता ज्यांनी त्या काळात पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बोटानं टाइप करणं अशक्य होतं. बोट 'म'वर नेलं की गाडी त्याला 'भ'वर नेऊन सोडायची. म्हणून मी फोनला तोंडानं सांगायला लागलो. उद्दिष्टं झाली, संदर्भग्रंथ झाले. राहुरीच्या अलीकडे कोर्सच्या नावाशी आलो, आणि माझ्या तोंडून 'मुद्रितशोधन' निघायला आणि गाडी खड्ड्यात जायला एकच गाठ पडली. फोननं काय ऐकलं ते फोनलाच माहीत. मी 'सादर करा' दाबलं. वाचलं नाही. मुद्रितशोधन शिकवायला निघालेल्या माणसानं मुद्रित वाचलं नाही, याची नोंद कृपया इथेच व्हावी.

त्यानंतर तो अर्ज चार टेबलांवरून गेला. चारही जणांनी त्याच रात्री, बहुधा टीव्ही बघता बघता, मंजुरी दिली. सकाळी कॉलेजच्या पडद्यावर हिरव्या पट्टीत झळकत होतं:

'मराठी शुद्धलेखन आणि मुद्रितशोषण. स्थिती: प्रकाशित.'

खाली निष्पत्ती. ती सॉफ्टवेअर नावावरून आपोआप जुळवून घेतं. 'हा कोर्स पूर्ण केल्यावर विद्यार्थी स्वतंत्रपणे मुद्रितशोषण करू शकेल.'

मराठी माणसाला एका अक्षराची दहशत शाळेपासूनच असते. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा हुकूम होता, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला, आणि ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात गारद्यांनी काय केलं ते सगळ्यांना पाठ आहे. या गोष्टीला धड पुरावा नाही असं इतिहासकार म्हणतात. मला मात्र ती गोष्ट आता वेगळ्याच कारणानं खोटी वाटते. एवढा मोठा दस्त मंजूर होऊन बाहेर पडल्यावर बाईंना त्यात बदल करू दिला कुणी? निष्पत्ती पार उलटी झाली आणि तरी नवी आवृत्ती काढावी लागली नाही? आमचं सॉफ्टवेअर त्या वेळी असतं तर 'ही दुरुस्ती किरकोळ आहे काय?' या प्रश्नावरच बाई अडकल्या असत्या. विभागप्रमुखाच्या मंजुरीची वाट बघत महिना गेला असता आणि नारायणराव सुखानं म्हातारे झाले असते. त्या प्रकरणातले राघोबादादा पुढे १७८३ मध्ये वारले ते आमच्या जिल्ह्यातल्या कोपरगावातच. मीही त्याच कोपरगावच्या गाडीत बसून 'ध'चा 'ष' केला होता, आणि वर 'न'चा 'ण'. समाधान एवढंच, की माझ्या चुकीत कुणाचा जीव गेला नाही. इभ्रत गेली, पण ती माझीच होती.

दुरुस्ती करायला मी ताबडतोब बसलो. दोन अक्षरं. मला वाटलं, चहा येईपर्यंत होईल.

आमच्या कॉलेजात पूर्वी एक हेडक्लार्क होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांच्या काळात चुकीची एक रीत होती. जनरल रजिस्टरमध्ये एखाद्याचं नाव चुकलं तर ते खोडायचं एका सरळ रेघेनं, खालचं वाचता आलं पाहिजे असं. वर बरोबर नाव, बाजूला सही, खाली तारीख. "खाडाखोडीवर सही पाहिजे," हे अण्णांचं ब्रीद. सही नसलेली दुरुस्ती म्हणजे चोरी, आणि सही असलेली चूक म्हणजे दप्तर. व्हाइटनर त्यांना अजिबात खपत नसे. "ते पांढरं फासू नका, खाली काय होतं ते कळत न्हाई," म्हणायचे. त्याहून आधी, पोथ्यांच्या काळात, पिवळा हरताळ लावून अक्षरं झाकायचे. हरताळ फासणं आपण म्हणतो ते तिथून आलं. गळलेला शब्द घालायचा तर ओळीत हंसाच्या पावलासारखी खूण करायची, तिचं नावच हंसपद. काय देखणं नाव आहे! आमच्या सॉफ्टवेअरात त्या जागी एक पेन्सिलीचं चित्र आहे. आणि ते करड्या रंगाचं होतं. दाबलं तर दबेना. शेजारी छोटंसं कुलूप.

अण्णांच्या खुर्चीवर आता जो मुलगा बसतो तो म्हणाला, "पब्लिश झालंय ना सर, मग लॉक होतंय ते."

"अरे, पण दोनच अक्षरं आहेत."

"त्याला काय माहीत किती अक्षरं हायेत."

ज्या जिल्ह्यात शिंगणापूरच्या घरांना कुलूपच काय, दारंही नसतात, जिथे २०११ मध्ये एका बँकेनं आपली शाखासुद्धा कुलपाविना उघडली, त्याच जिल्ह्यात माझ्या तीस तासांच्या, फी नसलेल्या कोर्सला कुलूप होतं. चोरून नेऊन नेणार काय? संदर्भग्रंथांची यादी?

मग त्या मुलानंच एक बारीक बटण दाखवलं. 'किरकोळ दुरुस्ती'. मी दाबलं. एक लांबलचक पान उघडलं. प्रकाशित कोर्सात किरकोळ म्हणून काय बदलता येईल ते त्यात लिहिलं होतं: वर्णनातले टंकदोष, पुस्तकाच्या प्रकाशनाचं वर्ष, बंद पडलेला दुवा. नाव, सांकेतांक, क्रेडिट आणि निष्पत्ती यांना हात लावला तर बदल मोठा समजला जाईल. मोठा बदल म्हणजे नवी आवृत्ती, नवी आवृत्ती म्हणजे समितीची बैठक, बैठक म्हणजे सत्र संपल्यावर. म्हणजे 'शोषण' हा शब्द वर्णनात असता तर तो टंकदोष. नावात गेला, तर ते धोरण.

नाव बदलणं ही किरकोळ गोष्ट नव्हे, हे मला तत्त्व म्हणून मान्य आहे. २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. शिक्के, पाट्या, कोरी पत्रं, सगळं बदलायचं काम अजून कुठे कुठे चालूच असतं. पण आम्ही लोक पिढ्यान् पिढ्या नुसतं 'नगर' म्हणत आलो. दोन्ही नावांतला जो तुकडा बदलायचा नव्हता तोच नेमका आम्ही तोंडात धरून ठेवला होता. माझ्या कोर्सला असा सामाईक तुकडा काढून बघितला तर 'मुद्रितशो' एवढा उरत होता.

तरी मी किरकोळचाच अर्ज भरला. रांगेत शिरायचंच तर लहान रांगेत. 'बदलाचे कारण' अशी एक खिडकी होती, त्यात तयार कारणं: राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाशी सुसंगती. उद्योगजगताची मागणी. माजी विद्यार्थ्यांचा अभिप्राय. भागधारकांच्या सूचना. मी यादी तीनदा वरखाली केली. 'चूक झाली' हे कारण त्यात नव्हतं. सॉफ्टवेअर करणाऱ्याच्या मनात ही शक्यता आलीच नव्हती, की शिक्षण क्षेत्रात कुणी चुकतं आणि वर ते कबूल करतं.

'भागधारक' वाचून ऑफिसातला मुलगा खुशीत आला. आमच्याकडे भागधारक म्हणजे कारखान्याचा सभासद. सहकारी साखर कारखानदारीची गंगोत्रीच आमच्या प्रवरेकाठी. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन लोणीला तो पहिला कारखाना उभा केला, तेव्हापासून इथल्या माणसाला शेअर म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. शेअर म्हणजे दिवाळीची सवलतीची साखर आणि वार्षिक सभेत माईक खेचायचा हक्क.

"कोर्सच्या भागधारकांना साखर हाये का सर?" त्यानं विचारलं.

मी तेच कारण निवडलं. खाली स्पष्टीकरण, किमान शंभर अक्षरं. 'टंकदोष' असं लिहिलं तर यंत्र म्हणालं, अपुरे. मग मी लिहिलं की विविध भागधारकांशी झालेल्या सखोल विचारविनिमयातून असं निदर्शनास आलं आहे, की 'शोषण' या शब्दापेक्षा 'शोधन' हा शब्द कोर्सच्या आशयाशी अधिक सुसंवादी ठरेल. लिहिल्यावर मला स्वतःची किळस आली आणि हेही लक्षात आलं, की बढतीच्या अर्जाला लागते ती भाषा मला साधते आहे.

अर्ज विभागप्रमुखांकडे गेला. आमच्या मराठी विभागात माणसं दोन. त्यातले एक निवृत्त झाले, त्यांची जागा भरलेली नाही. त्यामुळे विभागप्रमुख मीच. मिनिटभरात मला माझं पत्र आलं: आपल्याकडे एक विनंती प्रलंबित आहे. मी उघडलं, स्वतःचं म्हणणं शांतपणे वाचलं, मला ते पटलं, आणि मी 'मंजूर' दाबलं. लाल पट्टी आली. स्वतःची विनंती स्वतः मंजूर करता येत नाही. ठीक. मग 'नामंजूर' दाबून पाहिलं, गंमत म्हणून. ते लगेच झालं! स्वतःला नाकारायची मुभा यंत्रानं ठेवली होती. पुन्हा पहिल्यापासून शंभर अक्षरं.

शेवटी हिंदीच्या सरांना तीन दिवसांसाठी मराठीचे विभागप्रमुख केलं. सज्जन माणूस. त्यांनी मंजुरी दिली आणि फोन करून विचारलं, "गुरुजी, शोषण में बुराई क्या थी? विषय तो ज्वलंत था."

खरी अडचण पुढच्या टेबलावर होती. गुणवत्ता कक्षाच्या मॅडम हुशार आहेत. कॉलेजात नॅकचे सगळे निकष तोंडपाठ असलेली ती एकच व्यक्ती, आणि त्यामुळे प्राचार्यांसकट आम्ही सगळे त्यांना वचकून असतो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. पाणी दिलं की मी सावध होतो.

"सर, हा बदल करू नका."

"पण मॅडम, शोषण..."

"तेच सांगते. अभ्यासक्रमात मानवी मूल्यं, लिंगभाव, पर्यावरण, व्यावसायिक नीती हे विषय कुठे कुठे आले ते आपल्याला दाखवावं लागतं. तुमच्या कोर्सच्या नावात शोषण आहे. मी तो मानवी मूल्यांत धरलाय. अहवाल गेलाय वर."

"पण मी ऱ्हस्व-दीर्घ शिकवतो."

"ते तुम्ही शिकवा हो. यादीत तो मानवी मूल्यांत आहे. शोधन केलंत तर माझा एक कोर्स कमी होतो."

मी म्हटलं, हे चुकीचं आहे. त्या म्हणाल्या, चांदबीबी महाल कुणाचा आहे? मी गप्प झालो. शहा डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत चांदबीबीचा महाल नाही, सलाबतखानाची कबर आहे, हे नगरमध्ये शाळेच्या सहलीला गेलेल्या पोरालाही गाईड सांगतो. आणि सांगून झाल्यावर तोच गाईड म्हणतो, चला, महाल बघून झाला, गाडीत बसा. सलाबतखानानं अजून तक्रार केलेली नाही. मॅडमचं म्हणणं, लोकांना सवय होते.

जाता जाता त्यांनी ब्लूमचाही दाखला दिला. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन गृहस्थांनी १९५६ मध्ये विचारांच्या सहा पातळ्या मांडल्या, तेव्हापासून कोर्सच्या निष्पत्तीत 'विद्यार्थ्याला समजेल' असं लिहिता येत नाही, कारण समजलं की नाही ते मोजता येत नाही. 'ओळखेल', 'वर्गीकरण करेल', 'मूल्यमापन करेल' अशी क्रियापदं लागतात. "शोधन ही चौथी पातळी धरावी लागेल सर, विश्लेषण. शोषण मी पहिलीतच बसवलंय." पहिली पातळी म्हणजे स्मरण. मला ते पटलं. शोषण माणसाच्या लक्षात राहतं.

इकडे प्रवेश सुरू झाले होते. तीस जागा. शुद्धलेखनाला आमच्याकडे एरवी सात जण येतात, त्यातले तीन चुकून. या वेळी पहिल्या दोन दिवसांत तीस भरल्या आणि रांग उरली. राज्यशास्त्राचा अख्खा बाक आला होता. एका मुलीनं पहिल्याच तासाला उभं राहून विचारलं, "सर, शोषण शिकवणार की शोषणाविरुद्ध?"

मी सगळी हकिकत सांगितली. वर्ग हसला. नऊ जण त्याच तासाला उठून गेले. बाकीचे का थांबले, मला नीट कळलं नाही. काहींना बाहेर ऊन होतं म्हणून असावं. मी १९६२ मध्ये शासनानं मान्य केलेले चौदा नियम फळ्यावर लिहिले, मग १९७२ मध्ये त्यात पडलेली चारची भर लिहिली. कुणीतरी मागून म्हणालं, "चार वाढवायला धा वर्षं? सर, तुमचं लवकर व्हईल."

शेवटच्या बाकावर पाथर्डीकडचा एक मुलगा बसायचा. वही फारच नीट, बोलणं जवळजवळ नाही. त्याला मी एकदा व्हरांड्यात विचारलं, तू का थांबलास रे.

"नाव वाचून आलतो सर. माझे आई-वडील कोयत्यावर जातात."

पाथर्डीकडे हे वेगळं सांगावं लागत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर टाकून निघायचं.

"मंग थांबलास कशाला? हे तर काना-मात्रेचं आहे."

"उचलीचा कागद आसतो सर. दादा आंगठा करतात. मला वाचता येतो, पण त्यात खाडाखोड आसती. आकडा खोडून वर लिवलेला. कोनी खोडला ते कळत न्हाई. तुम्ही खुणा शिकवता म्हनून थांबलो."

दुसऱ्या दिवशी मी आखलेलं सगळं बाजूला ठेवलं आणि पावती, बाँड, इसारपावती, सात-बारा असे कागद फळ्यावर मांडून ते कसे वाचायचे ते शिकवलं. रक्कम आकड्यात आणि अक्षरात का लिहितात, अक्षरी रकमेपुढे 'फक्त' का लागतं, मोकळ्या जागेवर आडवी रेघ का मारतात, आणि खोडलेल्या आकड्याशेजारी दोघांच्याही सह्या नसतील तर त्या कागदाकडे कसं बघायचं. अण्णांचं ब्रीद वर्गात तीनदा म्हणून घेतलं. सगळ्या कोर्सात पोरांनी मोबाईल खाली ठेवला तो या दोन तासांत. एवढा मोठा बदल झाला आणि त्याला कुणाची मंजुरी लागली नाही. खडू लागला फक्त. त्याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये आजही नाही.

कोर्सात चार तासांची क्षेत्रभेट होती. आम्ही नेवाशाला गेलो. मोहिनीराजाचं दर्शन घेतलं, मग पैसच्या खांबापाशी. शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. बाबांची आख्यायिका नेवाशात कुणीही सांगतं. त्यांची प्रेतयात्रा निघाली होती, ज्ञानदेवांनी त्यांना उठवलं आणि मग ते लेखक झाले. आमच्या ऑफिसातला मुलगा सोबत आला होता. तो म्हणाला, "डेटा एन्ट्रीचं कामच तसं हाये सर. आधी मरावं लागतं."

तिथे उभ्याउभ्याच मी त्यांना एकनाथांची गोष्ट सांगितली, कारण माझ्या कोर्सचे आराध्य दैवत तेच. नाथांच्या स्वप्नात ज्ञानदेव आले आणि म्हणाले, आळंदीला अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ गेले, मुळी काढली. आणि मग त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार करायला घेतली. जवळजवळ तीनशे वर्षं ग्रंथ हातानं उतरवला जात होता, पाठ करून म्हटला जात होता, त्यात शब्द बदलले होते, भलत्याच ओव्या शिरल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये पैठणला काम पुरं केलं. शेवटी त्यांनी बजावून ठेवलं, की मूळ ग्रंथ शुद्धच होता, बिघडले ते पाठ. आणि यात आपली ओवी घुसडणं म्हणजे अमृताच्या ताटात नारळाची करवंटी मांडणं.

"म्हणजे त्यांनी लॉक केलं," राज्यशास्त्रातली मुलगी म्हणाली. तीही टिकून होती.

"हो. पण आधी दुरुस्त केलं, मग लॉक केलं," मी म्हणालो. माझ्या आवाजात थोडी खुन्नस असावी.

"नाथांना लॉगिन कोनी दिलं सर?"

"ज्याचा ग्रंथ त्यानंच. स्वप्नात."

"तक्रार यायला तीनशे वर्सं लागली," ऑफिसातला मुलगा म्हणाला. "आपलं हेल्पडेस्क बरंय म्हनायचं."

त्यावर मी सांगितलं, की वि. का. राजवाड्यांनी नाथांच्याही आधीची म्हणून एक पोथी मिळवली आणि १९०९ मध्ये छापली, आणि तिच्यावरून विद्वानांत जुंपली. मुलगा म्हणाला, "म्हंजी ब्याकअप होता." पाथर्डीचा मुलगा हसला नाही. तो खांबाकडे बघत होता. नाथांनी काम पुरं केलं तो दिवस भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीचा, हे मी मुद्दाम शेवटी सांगितलं. बसमध्ये बसता बसता मनात म्हटलं, माझ्या दोन अक्षरांनाही तोच योग लागणार बहुतेक.

हेल्पडेस्कला मी तोवर अकरा वेळा लिहिलं होतं. प्रत्येक वेळी नवा माणूस, तोच प्रश्न: आपला बदल किरकोळ आहे की मोठा? एकदा मी चिडून लिहिलं, मला तो किरकोळ वाटतो, माझ्या विभागाला मोठा वाटतो, गुणवत्ता कक्षाला नको वाटतो. त्यावर आलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. ही तक्रार निकाली काढली आहे.'

मॅडम अखेर विरघळल्या त्या माझ्यामुळे नाही. वर पाठवलेल्या अहवालावर कुणीतरी विचारणा केली, की मुद्रितशोषण म्हणजे नेमकं काय. मॅडमनी मला बोलावलं. या वेळी पाणी नव्हतं. त्यांनी माझ्यासमोर 'मंजूर' दाबलं आणि म्हणाल्या, "मानवी मूल्यांत आता तुमचा तो उचलीचा तास दाखवू. फोटो आहेत ना?" फोटो नव्हते. कागद वाचणाऱ्या पोरांचे फोटो कोण काढतं?

दुरुस्ती झाली. पडद्यावर हिरव्या पट्टीत 'मुद्रितशोधन' दिसलं तेव्हा कोर्स संपून चार दिवस झाले होते. मी तरी पेढे आणले. दुपारी प्रमाणपत्रं छापून आली. एकवीस. प्रत्येकावर 'मुद्रितशोषण'. ऑफिसातल्या मुलानं समजावलं, की विद्यार्थी ज्या आवृत्तीत दाखल झाला त्याच आवृत्तीचं प्रमाणपत्र निघतं, नवी आवृत्ती पुढच्या बॅचला लागू. हे बरोबरच होतं. जुन्या मुलांच्या कागदावर मागाहून नवं नाव छापणं म्हणजे अण्णांच्या भाषेत पांढरं फासणंच. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पेढे वाटून टाकले.

त्यानंतर काही महिन्यांनी पाथर्डीचा मुलगा कॉलेजात आला. नगरमध्ये एका छापखान्यात प्रुफं तपासायला लागला होता. लग्नपत्रिका, अहवाल, निवडणुकीत जाहीरनामे. पगार सांगितला, तो मी इथे लिहीत नाही; लिहिला तर कोर्सचं नाव बरोबर होतं असं वाटेल. त्यानं पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. 'शोषण'वर लाल शाईची एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी. समासात, माझ्याहून बऱ्या अक्षरात, 'शोधन'.

"मालकानं मुलाखतीत हेच इचारलं सर, हे काय म्हनून. म्या तिथंच पेन घेऊन दुरुस्त केलं. त्यानं लगेच ठेवून घेतलं." मग त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला. "पन सही ऱ्हायली. खाडाखोडीवर सही पाहिजे."

मी पेन काढलं, लाल रेघेशेजारी सही केली, खाली तारीख टाकली. कागद परत द्यायला लागलो तर त्यानं घेतला नाही. त्याचं बोट वर सरकलं होतं, अगदी माथ्यावर, जिथे सोनेरी ठळक अक्षरांत 'प्रमाणपञ' छापलं होतं. त्या 'ञ'वरही एक लाल रेघ होती आणि वर बारीक 'त्र'.

"हितं पन एक करा सर."